एका कायदेपंडिताचे टपाल

आपल्यापैकी जे वकिली करतात, किंवा ज्यांनी कधीकाळी एलएल. बी. ची पुस्तके चाळली आहेत, त्यांना 'पोलॉक आणि मुल्ला' ही जोडी ठाऊक असेलच. भारतीय करार कायद्यावरचे त्यांचे भाष्य १९०५ साली निघाले. त्यातले मुल्ला म्हणजे आपल्या मुंबईचे दिनशा फरदुनजी मुल्ला, आणि पोलॉक म्हणजे इंग्लंडातले सर फ्रेडरिक पोलॉक. या पोलॉकसाहेबांचे नाव आणखीही एका जोडीत येते. 'पोलॉक आणि मेटलंड' असे म्हटले की इंग्लंड-अमेरिकेतला कायद्याचा कोणताही अभ्यासक समजतो की, १८९५ साली दोन खंडांत निघालेल्या इंग्लिश कायद्याच्या इतिहासाविषयी हे बोलणे चालले आहे. एडवर्ड पहिला गादीवर येईपर्यंतची हकीकत त्यात आली आहे. सव्वाशे वर्षे उलटली तरी त्या विषयात पाऊल टाकणाऱ्याला आजही तिथूनच आरंभ करावा लागतो.

या जोडीतले दुसरे नाव, फ्रेडरिक विल्यम मेटलंड, हा माझा आजचा विषय. पण त्यांच्या ग्रंथांविषयी मी थोडेच बोलणार आहे. मला बोलायचे आहे ते त्यांच्या टपालाविषयी. ग्रंथ लिहिता लिहिता त्यांनी मित्रांना, सहाध्यायांना, संपादकांना आणि ओळखदेख नसलेल्या अभ्यासकांना जी शेकडो पत्रे पाठवली, त्यांविषयी. कोणी म्हणेल, पुस्तके असताना पत्रे कशाला? त्याचे उत्तर असे की, ग्रंथ आपल्याला निकाल सांगतो. त्या निकालाच्या आधी काय काय घडले, कोणी कोणाला काय दिले, कोणाचे श्रेय कोणाच्या नावावर जमा झाले, हा सगळा जमाखर्च पत्रांत असतो. आणि विद्वानांच्या जगात श्रेयाचा हिशेब हा काही लहान विषय नव्हे. जमिनीच्या वादापेक्षा तो अधिक कडवट होतो, असा अनुभव आहे.

मेटलंड यांचे चरित्र दोन शब्दांत सांगतो. जन्म १८५० चा, लंडनचा. शिक्षण ईटनला आणि केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात. तत्त्वज्ञानात फेलोशिप मिळावी म्हणून त्यांनी प्रबंध लिहिला. ती मिळाली नाही. मग १८७६ साली बॅरिस्टर होऊन लिंकन्स इनमध्ये वकिली. तीही कोर्ट गाजवणाऱ्या वकिलाची नव्हे, तर खरेदीखते, गहाणखते, मृत्युपत्रे यांचे मसुदे करणाऱ्या वकिलाची. आपल्याकडे अशा माणसाला बाररूममध्ये कोणी फारशी किंमत देत नाही. पण जुना दस्तऐवज कसा वाचावा, त्यातला एक शब्द इकडचा तिकडे झाला तर काय उलथापालथ होते, हे ज्ञान त्यांना तिथेच मिळाले. १८८४ साली ते केंब्रिजला कायद्याचे रीडर झाले आणि १८८८ साली प्राध्यापक. प्राध्यापकपदाच्या पहिल्याच व्याख्यानाचा विषय त्यांनी घेतला तो असा की, इंग्लिश कायद्याचा इतिहास अजून लिहिला का गेला नाही? साधने नाहीत म्हणून? साधने तर ढिगांनी पडली आहेत, असे ते म्हणाले. अडचण वकिलांच्या मनाची आहे. वकिलाला हवा असतो आधार, आणि आधार जितका ताजा तितका चांगला. इतिहासकाराला हवा असतो पुरावा, आणि तो जितका जुना तितका चांगला. एकाच कागदाकडे दोघे दोन दिशांनी पाहतात.

हे ढीग लंडनमध्ये चान्सरी लेनवरच्या पब्लिक रेकॉर्ड ऑफिसात होते. तेराव्या शतकापासूनच्या राजाच्या न्यायालयांचे निकाल कातड्याच्या पट्ट्यांवर, आखूड केलेल्या लॅटिनमध्ये लिहून गुंडाळून ठेवलेले. त्यांना 'प्ली रोल' म्हणतात. आपण दप्तरखान्यातले मोडीचे रुमाल पाहिले असतील, तर त्या दृश्याची कल्पना येईल. मोडी न येणाऱ्याला जसा तो रुमाल मुका, तसे हे गुंडाळे इंग्लंडातल्या सुशिक्षितांनाही मुकेच होते.

मेटलंड या गुंडाळ्यांकडे वळले कसे, याची एक सुंदर कथा आहे. ती सांगितली त्यांचे मेहुणे एच. ए. एल. फिशर यांनी, १९१० साली लिहिलेल्या छोट्या चरित्रात. पॉल विनोग्रॅडॉफ नावाचा एक तरुण रशियन पंडित मॉस्कोहून इंग्लंडात आला होता. मध्ययुगातल्या इंग्लिश शेतकऱ्यांची स्थिती हा त्याच्या अभ्यासाचा विषय. १८८४ च्या मे महिन्याची ११ तारीख, रविवार. ऑक्सफर्डच्या हिरवळीवर दोघे पहुडले आहेत. रशियन पाहुणा सांगतो आहे की, तुमच्या देशाच्या कायद्याचा एवढा अखंड, एवढा जुना पुरावा तुमच्याच राजधानीत पडून आहे आणि तुम्ही तो पाहतही नाही. मेटलंड यांच्या मनाला ते झोंबते. ते लंडनला परततात, रेकॉर्ड ऑफिस गाठतात, आणि आपण ग्लॉस्टरशायरचे म्हणून त्या परगण्याचा सर्वांत जुना गुंडाळा मागवतात. तिथून पुढे इतिहास.

कथा इतकी गोड आहे की ती खोटी ठरवताना वाईट वाटते. वर्षानुवर्षे ती पुस्तकांतून फिरली. पण आपल्याकडे बखर आणि अस्सल कागद यांत जो फरक करतात, तोच इथे करावा लागतो. फिशर यांची कथा ही बखर. मेटलंड यांची विनोग्रॅडॉफ यांना गेलेली पत्रे हे अस्सल कागद. पुढच्या अभ्यासकांनी ती पत्रे तारीखवार लावून पाहिली, तेव्हा दिसले की ११ मेच्या आधीच मेटलंड रेकॉर्ड ऑफिसात जाऊ लागले होते आणि ग्लॉस्टरच्या गुंडाळ्यावर त्यांचे काम सुरूही झाले होते. खरे तर पत्रांवाचूनही संशय यायला हरकत नव्हती. १२२१ सालच्या ग्लॉस्टरच्या फौजदारी खटल्यांचा मेटलंड यांनी संपादिलेला ग्रंथ १८८४ सालीच छापून निघाला आहे. मेच्या मध्याला ज्याने पहिला गुंडाळा उलगडला, तो त्याच वर्षाच्या आत नक्कल, शोधन, प्रस्तावना आणि छपाई इतके सगळे उरकील काय? ज्यांनी आयुष्यात एकदा तरी मुद्रिते तपासली आहेत, त्यांनीच याचे उत्तर द्यावे.

मग विनोग्रॅडॉफ यांचे ऋण नव्हतेच काय? होते, आणि ते पत्रांतच आहे. लेस्ली स्टीफन या साहित्यिकाने रविवारी दूरवर पायी भटकणाऱ्या मित्रांची एक मंडळी जमवली होती. त्या मंडळींबरोबर चालताना, १८८४ च्या आरंभी, हे दोघे प्रथम भेटले. पुढे काही वर्षांनी मेटलंड यांनी विनोग्रॅडॉफ यांना लिहून कळवले की, त्या रविवारच्या फेरीत आपली गाठ पडली हे माझे थोर भाग्य, माझ्या पुढच्या आयुष्याची दिशा त्या दिवशी ठरली. म्हणजे बखरीने प्रसंग चुकवला, पण माणूस चुकवला नाही. मला यात विशेष वाटते ते असे की, ऋण मान्य करणारा हा मजकूर ऋणकोने स्वतः, कोणी न मागता, एका खाजगी पत्रात लिहिला. जाहीर समारंभात आभार मानणे सोपे असते; तिथे टाळ्या मिळतात.

हे ऋण किती खरे होते, ते त्याच वर्षाच्या जुलैत दिसले. ब्रिटिश म्युझियममध्ये हेन्री तिसरा याच्या काळातल्या खटल्यांचे एक हस्तलिखित बाड होते. विनोग्रॅडॉफ यांनी ते पाहिले आणि 'अथीनियम' या साप्ताहिकात पत्र लिहून जाहीर केले की, तेराव्या शतकातला थोर कायदेपंडित ब्रॅक्टन याने आपला ग्रंथ लिहिताना ज्या निवाड्यांचा आधार घेतला, त्यांचा हा त्याच्याच वापरातला संग्रह असावा. शोध परदेशी माणसाचा. पण बाड संपादून छापण्याचे काम मेटलंड यांनी अंगावर घेतले आणि १८८७ साली जवळजवळ दोन हजार खटल्यांचे तीन खंड बाहेर आणले. शोध एकाचा, श्रम दुसऱ्याचा. अशा ठिकाणी मैत्री तुटल्याची उदाहरणे आपल्या डोळ्यांसमोर पुष्कळ येतील. इथे ती वाढली. मॉस्को आणि केंब्रिज यांच्या दरम्यान पत्रे जात राहिली. भूदास कोण, मॅनर म्हणजे काय, गावाची सामाईक जमीन कोणाची, असे प्रश्न त्यांत आहेत. आणि त्यांच्या अधूनमधून थट्टा, प्रकृतीची कुरकुर, मुलींच्या बातम्या. विनोग्रॅडॉफ यांचा भूदासांवरचा इंग्रजी ग्रंथ १८९२ साली निघाला. पुढे विद्यार्थ्यांच्या चळवळीवरून सरकारशी बिनसून त्यांनी मॉस्कोची जागा सोडली, आणि १९०३ साली ऑक्सफर्डला जुरिसप्रुडन्सचे प्राध्यापक झाले. ती जागा कोणाची? सर फ्रेडरिक पोलॉक यांची. जग लहान असते, विद्वानांचे तर फारच लहान.

एक गोष्ट इथेच सांगितली पाहिजे. ते बाड आणि ब्रॅक्टनचा ग्रंथ यांच्या नात्याविषयी विनोग्रॅडॉफ-मेटलंड यांचे मत आज जसेच्या तसे कोणी धरत नाही. अमेरिकेतले पंडित सॅम्युएल थॉर्न यांनी १९६८ ते १९७७ या काळात ब्रॅक्टनच्या ग्रंथाची नवी आवृत्ती काढली. त्यांच्या मते ग्रंथाचा बराच भाग ब्रॅक्टनच्या आधीच्या पिढीत रचला गेला, आणि ब्रॅक्टनचा हात त्यात फिरला तो मागाहून. याने मेटलंड लहान होत नाहीत. थॉर्न यांच्या टेबलावर मेटलंड यांचे ते तीन खंड होतेच.

आता पोलॉक यांच्याकडे येतो, कारण या टपालातले सर्वांत अवघड पत्र त्यांच्यासंबंधी आहे.

दोघांनी मिळून इतिहास लिहायचा असे ठरले. पोलॉक वयाने पाच वर्षांनी मोठे, नावाने त्याहून कितीतरी मोठे. करार आणि टॉर्ट या विषयांवरचे त्यांचे ग्रंथ वकिलांच्या हाती होते. त्यांनी अँग्लो-सॅक्सन कायद्यावरचे प्रकरण लिहून काढले. १८९२ साली मेटलंड यांनी विनोग्रॅडॉफ यांना एक पत्र धाडले. त्याचा आशय असा की, पोलॉक यांनी ते प्रकरण लिहिले आहे. आपल्यातच ठेवा, पण ते मला फारसे पसंत नाही, आणि त्यामुळे पुढे त्या काळाविषयी काही म्हणायचे झाले तर माझी पंचाईत होणार. म्हणून आता मी नॉर्मन काळापासूनचा भाग भराभर उरकतो आहे, म्हणजे माझ्या सहकाऱ्याला करण्यासारखे फार उरणार नाही!

हे वाचून आपण हसतो. मग जरा चपापतो. ज्याच्या नावाशेजारी आपले नाव छापायचे, त्याच्याविषयी पाठीमागे असे लिहावे काय? आणि ज्याला गुप्त ठेवा म्हणून लिहिले, त्याच्या संग्रहातून काढून ते आपण चारचौघांत वाचावे काय? फायफूट यांनी मेटलंड यांची पत्रे १९६५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली, तेव्हा पोलॉक यांना जाऊन अठ्ठावीस वर्षे झाली होती. कोणाला दुखावण्याचा प्रश्न राहिला नव्हता. तरी प्रश्न राहतोच.

माझे मत विचाराल तर हे पत्र एकट्याने वाचू नये. त्याच्याशेजारी १८९५ सालच्या ग्रंथाची प्रस्तावना ठेवावी. दोघांच्या सहीच्या त्या प्रस्तावनेखाली पोलॉक यांनी स्वतःपुरती एक टीप जोडली आहे. त्यांनी स्वच्छ सांगितले की, आखणी दोघांची आणि तपासणीही दोघांची. पण प्रत्यक्ष लेखन व संशोधन यांचा फार मोठा वाटा मेटलंड यांचा आहे. अठराशे नव्वदच्या इंग्लंडात ज्येष्ठ, प्रतिष्ठित आणि सरदार घराण्यातल्या माणसाने हे छापून टाकले. मागायला कोणी आले नव्हते, टाळता आले असते. खाजगी पत्रात मेटलंड थोडे डावे दिसतात आणि जाहीर टीपेत पोलॉक पुष्कळ उजवे दिसतात. पत्रांचा उपयोग फक्त मोठ्यांची लहान बाजू दाखवण्यापुरता असता, तर त्या उद्योगाला मी चहाडीच म्हटले असते. हे पत्र वाचले नसते तर त्या टीपेची किंमत मला कळली नसती. शिष्टाचाराचे दोन शब्द म्हणून मी ती ओलांडून पुढे गेलो असतो. मेटलंड यांनीही त्या प्रकरणाचा सूड उगवला नाही. १८९८ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी आरंभी आपले एक नवे प्रकरण घातले, आणि पोलॉक यांचे प्रकरण जागच्या जागी राहू दिले. त्यांची मैत्री शेवटपर्यंत अभंग राहिली.

सहकाऱ्याविषयी उतावळे असलेले हेच मेटलंड दुसऱ्या एका माणसासाठी थांबायला तयार होते. इतिहासात डूम्सडे बुकाविषयीही काही भाग यायचा होता. त्यांना कळले की जे. एच. राउंड यांचा त्याच विषयावरचा ग्रंथ निघण्याच्या बेतात आहे. राउंड म्हणजे त्या काळातली जळती मशाल. फ्रीमनसारख्या नामवंत इतिहासकाराचे त्यांनी वाभाडे काढले होते आणि त्यांच्याशी भांडण न झालेला विद्वान सापडणे कठीण होते. मेटलंड यांनी आपला मजकूर बाजूला ठेवला, राउंड यांचा ग्रंथ येऊ दिला, त्यातून शिकले, आणि मग १८९७ साली आपले पुस्तक काढले. थांबलो ते बरे केले असे प्रस्तावनेत सांगितले. राउंड यांच्याशी त्यांचे सूत टिकले, हे मला मेटलंड यांच्या विद्वत्तेइतकेच थोर वाटते.

टपालाचा एक मोठा भाग मात्र रूक्ष आहे. १८८७ साली त्यांच्या पुढाकाराने सेल्डन सोसायटी निघाली. जुने निवाडे, दप्तरे, कोर्टांची पुस्तके मूळ भाषेत आणि भाषांतरासह छापावयाची. वर्गणी सालिना एक गिनी. आपल्याकडे ज्यांनी ग्रंथप्रकाशक मंडळे चालवली आहेत, त्यांना पुढचे सांगायला नको. वर्गणीदार मिळवा, संपादक गाठा, नकलनवीस धरा, छापखान्याला पत्रे घाला. मेटलंड यांनी हे सारे केले, शिवाय अनेक खंड स्वतः संपादिले. अमेरिकेत बॉस्टनचे बिगेलो, हार्वर्डचे थेअर व एम्स यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार होता. यांतल्या थेअर यांचा आपल्याशीही दुरून संबंध येतो. १८७२ चा भारतीय पुराव्याचा कायदा ज्यांनी रचला, ते जेम्स फिट्झजेम्स स्टीफन म्हणजे रविवारच्या भटकंतीवाल्या लेस्ली स्टीफन यांचे बंधू. आणि त्यांच्या 'प्रस्तुतते'च्या सिद्धान्तावर थेअर यांनी टीका केली होती. तो कायदा आपल्याकडे २०२४ च्या १ जुलैपर्यंत चालू होता.

पण सगळ्या पत्रमित्रांत मला आवडतो तो ग्लासगोचा जॉर्ज नील्सन. विद्यापीठातला प्राध्यापक नव्हे. शहरच्या पोलीस कोर्टात सरकारी बाजू मांडणारा वकील. दिवसभर दारुडे आणि भुरटे चोर, रात्री मध्ययुगातली हस्तलिखिते. द्वंद्वयुद्धाने न्याय करण्याच्या पद्धतीवर त्याने १८९० साली एक पुस्तक लिहिले. केंब्रिजच्या प्राध्यापकाने ते वाचले, त्यातली विद्वत्ता ओळखली, आणि दोघांची पत्रे सुरू झाली. त्या पत्रांत वरच्याने खालच्याशी बोलावे असा सूर नाही. स्कॉटलंडातल्या कायद्याविषयी मेटलंड विचारतात, शंका काढतात, उत्तर आले की मानतात. जिल्ह्याच्या गावी बसून, नोकरी सांभाळून, रात्री कंदिलाजवळ संशोधन करणारी माणसे आपल्याकडेही झाली. त्यांना असे एक पत्र आले असते तर काय वाटले असते, याचा विचार मी अनेकदा करतो.

तीच वागणूक मेरी बेटसन यांच्याशी. केंब्रिज त्या काळी स्त्रियांना परीक्षेला बसू देई, पदवी देत नसे. पदवी द्यावी की नाही, यावर १८९७ साली वाद झाला, तेव्हा मेटलंड द्यावी म्हणणाऱ्यांच्या बाजूने उभे राहिले. त्यांचा पक्ष हरला. बेटसन यांच्याबरोबर त्यांनी केंब्रिज शहराच्या सनदा संपादून १९०१ साली प्रसिद्ध केल्या. मुखपृष्ठावर दोघांची नावे.

१८९८ पासून प्रकृतीने त्यांना इंग्लंडचा हिवाळा सोसू दिला नाही. दरसाल ते कॅनरी बेटांवर जात. ग्रंथालय नाही, दप्तरखाना नाही; म्हणून पत्रांचे महत्त्व दुप्पट. 'यीअर बुक' म्हणजे चौदाव्या शतकातल्या वकिलांनी कोर्टातल्या वादविवादांची टिपून ठेवलेली पुस्तके. त्यांवरचे काम ते बरोबर नेत. ती भाषा धड फ्रेंच नव्हे, धड इंग्लिश नव्हे. म्हणून त्यांनी तिचे व्याकरणच बसवले आणि १९०३ सालच्या पहिल्या खंडाला जोडले. भाषाशास्त्रज्ञांनीही ते वाखाणले. १९०२ साली केंब्रिजचे इतिहासाचे मानाचे अध्यासन त्यांना देऊ केले गेले. प्रकृतीकडे पाहून त्यांनी नाकारले. आजाराविषयी ते पत्रांत लिहितात, पण बहुधा विनोदाने. सहानुभूती मागणारे पत्र शोधावे लागते.

१९०६ च्या ३० नोव्हेंबरला मेरी बेटसन अकाली वारल्या. मेटलंड यांनी 'अथीनियम'साठी त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला आणि बोट गाठली. वाटेत न्यूमोनिया झाला. त्याच डिसेंबरात लास पाल्मासला त्यांचा अंत झाला, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी. तिथल्याच इंग्रजांच्या दफनभूमीत त्यांना पुरले.

पत्र ज्याने लिहिले त्याच्या घरी राहत नाही. ज्याला आले त्याच्या घरी राहते. म्हणून मेटलंड यांचे टपाल गोळा व्हायला फार वर्षे लागली. फायफूट यांनी १९६५ साली सुमारे पाचशे पत्रांचा पहिला संग्रह सेल्डन सोसायटीमार्फत काढला. नील्सन यांनी जपून ठेवलेली पत्रे ग्लासगो विद्यापीठाने १९७६ साली वेगळी छापली. आणि त्यानंतर जी हाती आली, त्यांचा दुसरा संग्रह झुत्शी यांनी १९९५ साली, पुन्हा त्याच सोसायटीतर्फे, प्रसिद्ध केला.